शिलाई मशीनचे हप्ते

अगं, घराच्या कर्जासाठी आम्ही दोघं अकोल्याच्या बँकेत गेलो होतो. साहेबांनी कम्प्युटरमध्ये पाहून यांना सांगितलं, "तुमचा क्रेडिट स्कोअर फार कमी आहे. ज्या मित्राला जामीन राहिलात, त्यानं हप्ते थकवलेत."

हे चिडले. "हप्ते त्यानं थकवले, मंग सजा मले काहून?"

घर गेलं म्हणून मी रडवेली झाले. मग साहेबांनी माझं नाव टाकलं. "ताई, तुमचा स्कोअर तर उत्तम! शिलाई मशीनचा एकही हप्ता चुकला नाही. पहिलं नाव तुमचं टाकून अर्ज करू."

मी पाहतच राहिले. ब्लाउज शिवून भरलेला एकेक हप्ता तारखेसकट तिथं लिहिलेला होता.

हे हळूच म्हणाले, "वीस वर्षं सोबत राहून मले दिसलं नाही, अन् या कम्प्युटरले दिसलं!"