रिव्हर्स सोडून बाकी सगळं

—ओरखडा म्हणशील तर एक नाही, सूनबाई! इतकी वर्षं स्टिअरिंग हातात आहे, पण गाडीला ओरखडा नाही. म्हणजे उजव्या बाजूला नाही. डावी बाजू आपण घराच्या भिंतीकडे करून ठेवतो, ती कशाला बघायची? तर हे तुझ्या नवऱ्याला सांग. त्यानंच पाठवलंय ना तुला — 'बाबांची गाडी चालवणं बघून ये, धड नसेल तर किल्ली माझ्या कपाटात आणि गाडी विकायला' — ऐकू येतं मला, फक्त तसं घरात सांगितलेलं नाही मी. चौथीनंतर पहिल्यांदाच परीक्षेला बसतोय, आणि परीक्षक कोण, तर घरचीच सून.

थांबलो का? अगं, सावली बघ किती छान! दोन्हीकडे भिंती, समोर भिंत, नुसता गारवा — समोरची मात्र परवापर्यंत नव्हती. या गल्लीतून सरळ लाकडाच्या वखारीत शिरायचं, वखारवाल्याला हात करायचा, पलीकडच्या फाटकातून मोठ्या रस्त्याला लागायचं, हा माझा रोजचा रस्ता. कुण्या शहाण्यानं मधेच भिंत घातली. सिमेंट ओलं आहे बघ अजून.

मागे घेऊ? घेतो की. ही ऑटोमॅटिक आहे बाई, हिच्या कलानं घ्यावं लागतं. कोपऱ्यावरच्या टेलरला मी सांगितलं होतं, ही हाकेवर चालते — तो बिचारा खिडकीत तोंड घालून 'चला ताई, चला' म्हणाला, आणि मी ब्रेकवरचा पाय हळूच उचलला. असा पळाला, गळ्यात टेप, दुकानात गिऱ्हाईक एका बाहीनिशी उभं! ... हसली नाहीस. बरं.

हा बघ, दांडा रिव्हर्सला टाकला. दिवा लागला? लागला. इंजिन गुरगुरलं? गुरगुरलं. आता गाडी — हं — गाडी विचार करतेय. आपल्याकडे यायच्या आधी दोन घरी नांदून आलीये, सांगितल्याबरोबर ऐकेल कशी? अजून थोडं दाबतो — नको, जळका वास सुटतो मग — सुटलाच बघ. घाबरू नकोस, नेहमीचाच आहे.

नेहमीचा म्हणालो का मी? जीभ मेली माझी रिव्हर्ससारखीच... आता असं बघू नकोस. उन्हाळ्यापासून गेलाय रिव्हर्स. पुढचे सगळे गिअर शाबूत आहेत हं! म्हणून तर मी अंगणात गोल फिरवून लावतो, तुला वाटायचं म्हाताऱ्याची ऐट. बाजारात कुठंतरी लांब लावतो. धाकट्या बहिणीकडे गेलो नाही — तिच्या दाराशी गल्ली संपते ना. तिला वाटतं दादा रुसला. रुसला तर रुसला, म्हटलं, रिव्हर्स गेला म्हणण्यापेक्षा रुसवा बरा.

दुरुस्त का नाही केली? मेकॅनिक म्हणतो, काका, गिअरबॉक्स उतरवून उघडावा लागेल, आतल्या प्लेटी झिजल्यात, गाडी ठेवून जा. ठेवून जा! एकदा अंगणातून गेली की तुझा नवरा तिथूनच परस्पर विकेल. दुरुस्त करावी तर जाते, न करावी तर ही अशी. आणि किल्ली म्हणजे काय असतं ठाऊक आहे का तुला? किल्ली हातात असली की घरात विचारतात, 'कुठं निघालात?' नसली की विचारतात, 'गोळी घेतली का?' बस्स. एवढाच फरक.

दार कुठे उघडतेस! हात जाईल बाहेर, तू नाही जाणार. थांब, मागच्या सीटवरून जा — डिकीतून — हां. मला जमायचं नाही, माझे गुडघे या गाडीच्याही आधीचे आहेत. मागून ओढतेस? अगं, पुढून ढकलावी लागेल, भिंत आणि बॉनेटच्या मधे तू मावतेस. ये, टपावरून ये. चप्पल काढ, पोचा पडेल! — वा, काय सून मिळाली, टपावर चढणारी! सावकाश, काच आहे... उतरलीस? शाबास. इंजिन बंद केलं, न्यूट्रल टाकला, हँडब्रेक सोडला. आता लाव जोर. आणि घरी सांगायचं, बॅटरी गेली होती. बॅटरी कुणाचीही जाते, त्यात म्हातारपण येत नाही.

अगं, जोर लाव ना. हाताची घडी काय घालतेस? काय म्हणतेस? काच खाली घेतो, थांब — हां, बोल.

"बॅटरी गेली सांगते, बाबा. पण गल्लीबाहेर पडलो की किल्ली माझ्याकडे, चालवणार मी, आणि आधी मेकॅनिककडे. पटत नसेल तर बसा. मला घाई नाही, आणि तुम्हाला तर तासातासाला बाथरूमला जावं लागतं."