दर्शनाचा आवाज

परळच्या डोळ्यांच्या दवाखान्यात थेंब घालून दोघी बायकांना माझ्या शेजारी बाकावर बसवलं होतं. माझ्याही डोळ्यांत थेंब होते, त्यामुळे ऐकण्यापलीकडे काही काम नव्हतं.

"वहिनी, तुमच्या दर्शनाला तमिळ पिक्चरसाठी एवढा मोठा अवॉर्ड मिळाला. आख्ख्या चाळीने पेढे खाल्ले, आणि तुमचंच तोंड असं?"

"पाचदा बघितला गो मी तो पिक्चर. त्यात तिचा आवाजच नाही."

"तिला कुठे तमिळ येतं? तिच्यासाठी दुसरी बाई बोलते. डबिंग म्हणतात त्याला."

"मग मला का नाही सांगितलं तिने?"

"त्यात काय सांगायचं? तुम्ही पण ना, उगाच संशय घेता."

"मग मी डोळे मिटून ऐकला. बोलणं सगळं त्या दुसरीचं. हसणंसुद्धा."

"झालं तर मग."

"शेवटी जिन्यात बसून रडते ना, ते मात्र दुसरीचं नाही."

"कशावरून?"

"रडताना श्वास अडकतो तिचा, मग उचकी लागते. लहानपणापासून तसंच."

"अहो, तीच तर अ‍ॅक्टिंग! त्याचाच अवॉर्ड दिला तिला."

"तिचं अ‍ॅक्टिंगमधलं रडणं मला माहीत आहे. मंडळाच्या नाटकात तीन वर्षं रडली. एकदाही उचकी लागली नव्हती."

"फोनवर विचारा की तिला."

"रोज विचारते. 'सगळं मस्त आहे, आई' म्हणते."

"मग असेल मस्त."

"तिला तिथे कुणी रडवलं, शालन?"