धाकटी इस्त्री मागायला आली

नाही, पण मला एक सांगा, इस्त्री मागायला आलेली बाई इस्त्री घेऊन जाते की बाळंत होऊन बसते?... जरा सरकता का, मला सध्या दोघांची जागा लागते... हां, बास, बास... तर काय सांगत होते, इस्त्री! माझी धाकटी जाऊ, आमच्याच घरात वरच्या मजल्यावर राहते, ती इस्त्री मागायला खाली आली आणि माझ्या खोलीत, माझ्या पलंगावर, माझ्या सुईणबाईंच्या हातून, माझ्या डोळ्यांदेखत बाळंत झाली! आणि मी? मी बसलेय इथे दवाखान्याच्या बाकावर तुमच्या शेजारी, तारीख उलटून आज पंधरावा दिवस! जळत नाही हं मी. नुसतं सांगतेय.

मला घरी बाळंत व्हायचं होतं हो. हसू नका, सगळे हसून झालेत. आमचे हे हसले, सासूबाई हसल्या, माझी लेक पाच वर्षांची, तीसुद्धा हसली, तिला काही कळलं नव्हतं तरी हसली. पण तुम्हाला सांगते, या लेकीच्या वेळी मी दवाखान्यातच होते. बाळ अडलं, धावपळ झाली, मला भूल दिली, चिमटा लावला, आणि मी डोळे उघडले तर वर एक ट्यूबलाइट, ती पण लुकलुकणारी, आणि शेजारी पाळण्यात लेक गाढ झोपलेली. तिचं पहिलं रडणं मी ऐकलंच नाही! ह्यांनी ऐकलं. सासूबाईंनी ऐकलं. फरशी पुसणाऱ्या मावशी, त्यांनीसुद्धा ऐकलं! वर मलाच येऊन सांगतात, ‘काय खणखणीत आवाज आहे हो पोरीचा, पार जिन्यापर्यंत आला!’ जिन्यापर्यंत आला आणि माझ्यापर्यंत नाही आला. नऊ महिने मी वागवली, आणि पहिला आवाज त्या मावशींना! पाच वर्षं झाली, त्या बाईचा चेहरा मी विसरले नाही.

म्हणून म्हटलं, या वेळी घरी. जागी राहून. कान उघडे ठेवून. सुईणबाई शोधून काढल्या, शिकलेल्या, परवाना असलेल्या, पेटी घेऊन येणाऱ्या, एकदम करारी बाई. पहिल्याच दिवशी बोट वर करून म्हणाल्या, ‘हे बघा, तारखेनंतर चौदा दिवस मी वाट बघेन. पंधराव्या दिवशी मुकाट्याने दवाखाना. तेव्हा रडायचं नाही, माझा हात धरायचा नाही.’ मी म्हटलं, चौदा? अहो चौदा दिवस काय, माझं बाळ तारखेच्या आधीच हजर! मोठ्या तोंडाने म्हटलं मी. नियती कुठेतरी शिवण उसवत बसली असणार तेव्हा.

शिवण म्हणजे... मी कपडे शिवते ना. घरीच, मागच्या खोलीत. आणि आता तुम्हाला खोटं कशाला सांगू, दिलेल्या तारखेला कपडा दिल्याचं मला आठवत नाही. ‘उद्या या’, ‘फक्त बटणं राहिलीत’, ‘झालंच समजा’... पंधरा वर्षं माझी जीभ याच्यावर चालली. आता तारीख उलटली, आणि एकेक गिऱ्हाईक येऊन दारातून विचारतंय, ‘काय हो, झालं का?’ मी म्हणते, नाही अजून. की लगेच, ‘मग काय, उद्या येऊ? फक्त बटणं राहिलीत का?’ आणि खो खो खो खो! एक बाई तर, जिचा ब्लाउज मी तिच्या भावाच्या लग्नानंतर दिला होता, ती रोज येते. रोज! काम काही नाही, नुसती येते, पोटाकडे बघते, सुस्कारा सोडते आणि जाते.

आणि याच घरात, वरच्या मजल्यावर, धाकटी! तिचीही तारीख माझ्यामागे बारा दिवसांनी. दोघी जावा एकदमच, सासूबाईंचा आनंद काय विचारता! पण धाकटीला दवाखानाच हवा. ‘ताई, मला नाही बाई सहन होणार, मला डॉक्टर समोर हवेत, मला खिडकीची खोली हवी.’ ठरवून टाकली खोली, चार महिने आधी! बॅग भरून दारात उभी, दोन महिने आधी! आणि भावजी, म्हणजे माझे दीर, त्यांनी गाडी घेऊन दवाखान्याचा रस्ता तीनदा पाठ केला. घड्याळ लावून! ‘वहिनी, बारा मिनिटं. सिग्नल लागला तर चौदा.’ मी मनात म्हटलं, करा, करा. आम्हाला काय, आम्हाला या खोलीतून त्या खोलीत जायचंय.

आणि माझी ती खोली! तुम्ही बघायला हवी होती. शिलाई मशीन बाहेर काढलं, पलंग खिडकीशी ओढला, गादीवर रबरी कापड, त्याच्यावर मी स्वतः शिवलेल्या मऊ सुती चादरी, उकळून, वाळवून, कडक इस्त्री करून. पडदे नवे, फिक्या हिरव्या रंगाचे, डोळ्यांना गार वाटावं म्हणून. उशा तीन आकारांच्या. पाठीला एक, गुडघ्यांना एक, आणि एक चावायला. छतावर ओलीचा एक डाग आहे, बशीएवढा, त्याच्याकडे बघत श्वास कसा घ्यायचा त्याचा रोज दुपारी अर्धा तास सराव! ट्यूबलाइट नाही, मुद्दाम काढून टाकली. जन्मात एखादी गोष्ट मी वेळेवर पूर्ण केली असेल तर ती ही खोली. फक्त बाळ राहिलं होतं.

तारीख आली. गेली. एक दिवस, दोन दिवस, पाच दिवस. मी जिने चढले, उतरले, फरशी पुसली, बागेला चकरा मारल्या. बाळ ढिम्म! सुईणबाई रोज येऊन पोटाला नळी लावून ऐकायच्या, ‘बाळ मजेत आहे’ म्हणायच्या. मजेत असणारच! माझंच आहे, ‘उद्या’ म्हणत असेल आतून! आणि वरून धाकटी हाक मारणार, ‘ताई, काही होतंय का?’ नाही ग बाई, काही होत नाही. ‘मला तर बाई आतापासूनच भीती वाटते.’ हिला भीती वाटायलासुद्धा वेळेवर! पण जळत नाही हं मी. नुसतं सांगतेय.

अकरावा दिवस. दुपारचे बारा. सुईणबाई माझं पोट तपासतायत, मी पलंगावर आडवी, डागाकडे बघतेय, आणि दारात धाकटी. ‘ताई, इस्त्री देता का? दवाखान्यात घालायचा गाऊन चुरगळलाय.’ मी म्हटलं, तिथे टेबलाखाली आहे, घे. ती वाकली. आणि वाकलेलीच राहिली. मी म्हटलं, सापडली नाही का? तर म्हणते, ‘ताई, सकाळपासून पोटात जरा कसंतरीच होतंय. काही बाधलं असेल का हो?’ सुईणबाईंनी नळी कानातून काढली, तिच्याकडे एकच नजर टाकली आणि मला म्हणाल्या, मला! काय म्हणाल्या सांगू? ‘उठा.’

उठा! अकरा दिवस मी ज्या पलंगावर वाट बघत पडले, तिथून मला उठा! आणि मी उठले हो. करते काय? धाकटी पडली तिथे आडवी, माझ्या चादरीवर, सुरकुती नसलेल्या चादरीवर! सासूबाई धावत आल्या, ‘अगं गाडी काढा, गाडी!’ गाडी कुठेय? भावजी गाडी घेऊन पंपावर गेलेले, ऐन वेळी पेट्रोल कमी पडायला नको म्हणून! सुईणबाई म्हणाल्या, ‘गाडी आली तरी उपयोग नाही. डोकं दिसतंय.’

आता तुम्हाला वाटेल, मी तिथून तरातरा निघून गेले असेन. जायचंच होतं मला. पण धाकटीने माझं मनगट धरलं, असं, दोन्ही हातांनी, आणि तोंड पांढरंफटक, ‘ताई, मला सोडून जाऊ नका ना, मला काहीच येत नाही.’ येणार कुठून, तिने तयारी कसली केली होती, बॅगेची! मग मीच सांगितलं, वर बघ, तो डाग दिसतो का, त्याच्याकडे बघ, नाकाने घे, तोंडाने सोड, हळू, घाई नाही, मी आहे. सहा आठवडे सराव मी केला आणि श्वास तिने घेतला! चावायची उशी तिने चावली! मी तिची पाठ धरून बसले, माझं हे एवढं पोट तिच्या पाठीला लागलेलं, आणि आतून माझं बाळ लाथा मारतंय. बहुतेक टाळ्या वाजवत असेल.

चाळीस मिनिटं! फक्त चाळीस! आणि मग... मग ते रडलं.

मी ऐकलं हो. पहिलं. अगदी पहिलं. आधी एक बारीक कुरकुर झाली, दाराची कडी घासल्यासारखी, मग क्षणभर काहीच नाही, आणि मग एकदम टाहो! सगळ्या खोलीत तेवढाच आवाज. धाकटी हसतेय, रडतेय, सुईणबाईंच्या डोळ्यांत पाणी, आणि मीही रडत होते. सगळ्यांना वाटलं आनंदाने रडतेय. आनंद होता, नाही कसं म्हणू, पोरगं गोड आहे. पण खरं सांगू का, देवाशप्पथ खरं सांगते, मला एवढा हेवा जन्मात कुणाचा वाटला नव्हता. माझं घर, माझी खोली, माझा डाग, आणि ते ऐकणं... ते मला हवं होतं. ते समोरून तिच्या पदरात पडलं आणि तिने मागितलंही नव्हतं. मागितली होती इस्त्री!

आणि त्यावर सासूबाई, माझ्या पाठीवरून हात फिरवत म्हणतात, ‘अगं, किती छान तयारी करून ठेवली होतीस गं हिच्यासाठी! नशीब लागतं अशी जाऊ मिळायला.’ हिच्यासाठी! तेवढ्यात भावजी धापा टाकत आले, ‘टाकी फुल! चला, बारा मिनिटं!’ त्यांना खाली बसवून पाणी दिलं. तेही मीच.

पुढचं ऐका. तीन दिवस जिना चढायचा नाही म्हणून धाकटी खालीच, माझ्या खोलीत. मी वर, तिच्या खोलीत, तिच्या खडखडणाऱ्या पंख्याखाली. सुईणबाई रोज येतात, कुणासाठी? तिच्यासाठी! माझ्याकडे मागाहून येतात, नळी लावतात, ‘बाळ मजेत.’ ती ब्लाउजवाली बाई आली, म्हटलं आता पोट बघेल, तर ती सरळ आत गेली, बाळ बघून आली आणि मला म्हणते, ‘बघा, काहींचं काम वेळेच्या आधी होतं.’ लोक म्हणतात, जावेचं बघून हिच्या पोटात दुखतंय. अहो, पोटात दुखलं असतं तर इथे कशाला आले असते!

बारावा गेला, तेरावा गेला, चौदावा गेला. काल संध्याकाळी सुईणबाई आल्या, माझ्यासमोर बसल्या. मी काही बोलायच्या आधीच म्हणाल्या, ‘शब्द म्हणजे शब्द.’ मी रडले नाही. हात मात्र धरला. त्यांनीही सोडवून घेतला नाही बराच वेळ.

आज सकाळी निघायची वेळ आली तर माझी बॅगच नाही! भरलीच नव्हती मी. बॅग भरणं म्हणजे हरणं, असं वाटायचं मला. तेव्हा धाकटी माझ्या खोलीतून हळूहळू दारापर्यंत आली, मांडीवरचं बाळ सासूबाईंकडे देऊन, आणि तिची ती बॅग, दोन महिने दारात उभी असलेली, माझ्या हातात दिली. ‘घ्या ताई. सगळं आहे यात. तो गाऊन तेवढा... इस्त्री करून घेतलाय मी.’ म्हणजे शेवटी केलीन हो इस्त्री! माझ्याच इस्त्रीने, माझ्याच टेबलावर, चार दिवसांच्या बाळंतिणीने, माझ्यासाठी. आता अशा बाईवर नीट रागावतासुद्धा येत नाही. आणि आणायला कोण? भावजी. बारा मिनिटं लागली, बरोबर बारा! इथे आल्यावर नोंदणीच्या टेबलावरच्या बाई वही बघून म्हणतात, ‘या आडनावाची खिडकीची खोली आहे ना तुमची? आठ नंबर.’ तिची खोली! तिची बॅग, तिची गाडी, तिची खिडकी! आणि माझा पलंग, माझी सुईण, माझा डाग तिच्याकडे. सगळा हिशेब... नाही, हिशेब नको, चक्कर येते.

डॉक्टरीणबाईंना एवढंच विचारलं मी. म्हटलं, कळा आणायचं औषध द्या, सलाईन लावा, काय हवं ते करा, पण या वेळी मला जागं ठेवाल ना? त्या म्हणाल्या, ‘सगळं नीट चाललं तर नक्की.’ नक्की म्हणाल्या. मीही गिऱ्हाइकांना नक्कीच म्हणते, ते सोडा.

काय सिस्टर?... खोली तयार? आले, आले. थांबा, सपाता घालते, बॅगेत आहेत म्हणाली... हा गाऊन... हा कंगवा... ही डबी कसली आणखी?... अगं बाई! कापसाचे बोळे! कानात घालायचे! हो, म्हणाली होती खरी एकदा, ‘ताई, शेजारच्या खोलीतल्या बायका ओरडतात म्हणे, मला नाही बाई ऐकवत.’ आणि हे मला! पाच वर्षं कान टवकारून बसलेल्या बाईला बोळे!... नको, मला नको. मला सगळं ऐकायचंय, पाळण्याचं करकरणंसुद्धा. तुम्ही घ्या. अहो घ्या, लाजू नका. तुम्ही सात नंबर ना? मी आठ. मग राहू द्या जवळ, लागतील. ती शेजारच्या खोलीतली ओरडणारी बाई... मीच आहे.