वडिलांचा रकाना

नीरजा : बाबा, बोलू नका मध्येच. हात सैल सोडा... एकशे ऐंशी-एकशे चार! गोळ्या घेताय ना?

चिंतामणी : डॉक्टर सूनबाई, गोळ्या आजाऱ्यांसाठी. आमचे वडील, भाऊ, ब्याण्णव वर्षांचे होऊन गेले, तेही पोफळी शिंपताना. लिही ते तुझ्या फॉर्मात.

कमला : लिहू नको गो.

नीरजा : का, आई? या फॉर्मांसाठीच तर मुंबईहून आलेय. हृदयाची, रक्तदाबाची पुस्तकं बहुतेक गोऱ्यांच्या रक्तावरून लिहिलेली. आपल्या माणसांत हे दुखणं कसं उतरतं, ते आम्ही तपासतोय. वडील कशाने गेले, हे हवंच.

कमला : मग जन्माचे वडील लिही. हे दत्तक आलेत या घरात.

चिंतामणी : कमल!

नीरजा : दत्तक? अनिश कधी बोलला नाही.

कमला : हा विषय काढायचाच नाही, असा दंडक आहे इथे.

चिंतामणी : काढायचाय काय त्यात? सातव्या वर्षी मला भाऊंच्या मांडीवर दिलं. होम झाला, गोत्र बदललं. मागचं घर संपलं.

नीरजा : गोत्र बदललं, बाबा. रक्त कसं बदलेल?

कमला : जन्मभर कलमं बांधलीत ना? वर हापूस धरला म्हणून खालचं रायवळ मूळ बदललं कधी?

चिंतामणी : तू गप गो.

कमला : चाळीस वर्षं गप्पच आहे. लोणच्याची बरणी लपवते नि पहाटे उठून तुमचा श्वास चालतोय ना, ते बघते. भीती वाटते हो मला!

(चिंतामणी बाही खाली करतात. पुन्हा वर सारतात.)

नीरजा : अनिशचंही रक्त तेच आहे, बाबा. त्याच्यासाठी तरी सांगा.

चिंतामणी : ...लिही. विश्वनाथ. राहणार वेळणेश्वर. वय एक्कावन्न. देवळातून येताना छातीत कळ आली, पायरीवरच बसले ते उठलेच नाहीत. धाकटे काकाही तसेच गेले.

नीरजा : तुम्ही गेला होतात?

चिंतामणी : एकोणीस वर्षांचा होतो. पत्र आलं, अंघोळ केली. दत्तक गेलेल्याला कसलं सुतक, म्हणाले भाऊ. विहिरीवर पाणी ओतत राहिलो नुसता. रडायचं तरी कुठल्या नात्याने?

कमला : ही घ्या गोळी. पाणी धरलंय.

चिंतामणी : दे.

नीरजा : बाबा, नातं काय लिहू?

चिंतामणी : वडील लिही गो. अण्णा म्हणायचो मी.