सोडून दिलेली जागा

दोष तुमचा आहे, काका — आधी तेवढं ऐकून घ्या, मग बसा. त्या खुर्चीवर नको, ती माझी. ही दुसरी घ्या, पुसलेली आहे. तुमच्यासाठी नाही हो आणली — म्हणजे आणली होती, असू दे. त्या दिवशी मोठमोठे डॉक्टर समोर बसलेले, तुम्ही तुमचं ते दातांचे एक्स-रे वाचणारं यंत्र कॉम्प्युटरला जोडलंत, कॉम्प्युटर कोसळून पडदा निळा पडला, आणि तुम्ही काय म्हणालात? ‘पुतण्यानं कालच कोडमध्ये हात घातला होता.’ किती सहज! घसा खाकरावा तसं! सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. बाबा तुमच्याच ऑफिसात हिशेब बघतात — त्यांनी माझ्या वतीनं हात जोडले, मला न विचारता. बरं, मला तर हाकललंत, मग निळा पडदा थांबला का? नाही ना थांबला? दवाखान्या-दवाखान्यातून फोन येतायत, म्हणून तर धापा टाकत जिना चढून आलात. आता कोणाचा हात म्हणायचं — भुताचा?

यंत्र आणलंय ना? द्या त्याची वायर इकडे. मोडत नाही मी. हे बघा — कॉम्प्युटर एकच, पण त्याच्या पोटात दोन, व्हर्च्युअल मशीन. एक डाव्या खिडकीत, एक उजव्या, आणि दोघांनाही वाटतं की खरं मशीन आपणच. तुमचं यंत्र आणि कॉम्प्युटर यांची बोलणी करून देणारा तुमचा तो लाडका ड्रायव्हर डावीकडे चालणार आणि पडणार. उजवीकडचं नुसतं त्याच्यावर डोळा ठेवून बसणार. दोघांमध्ये एक खोटी केबल ओढायची — दोघांना एकेक सीरिअल पोर्ट, म्हणजे केबल खोचायची जागा द्यायची, आणि त्या खोट्या केबलचं, पाइप म्हणतात तिला, नाव दोन्हीकडे अगदी तेच. एक अक्षर चुकलं की दोघं जन्मभर एकमेकांची वाट बघत बसतात. मग डावीकडच्याचं डिबगिंग, म्हणजे बाहेरून चूक धुंडाळू देणं, चालू करायचं आणि त्याला पुन्हा उठवायचं. खिडक्यांवरची नावं वाचू नका हो! — वाचलीत. बरं. डावीकडचं ‘काका’, उजवीकडचं ‘मी’. काहीतरी नाव द्यावंच लागतं.

यावरून किती हिणवायचात मला — ‘दोन-दोन खिडक्या उघडून खेळत बसतो.’ आणि तुम्ही? जे मशीन पडतंय त्याच मशीनवर कारण शोधत बसायचं! अहो, जो बेशुद्ध पडलाय तोच कसा सांगणार आपण का पडलो ते? कर्नल म्हणजे मशीनचा जीव. तो थांबला की त्याला स्वतःकडे बघता येत नाही, दुसऱ्यानंच बघावं लागतं. पण तुमच्या कामाकडे दुसऱ्या कोणी बघितलेलं तुम्हाला कधी चाललंय? — हे बघा, आता थांबवलं मी. डावीकडचं घड्याळ बघा. माउस हलवा. हलवा की! ढिम्म. ‘चल’ म्हणेपर्यंत काका जागचे हलणार नाहीत, आणि त्यांना पत्ताही नाही आपण थांबलोय याचा. रोज संध्याकाळी करतो मी हे — थांबवायचं, बघत बसायचं, सोडून द्यायचं. विशेष काही नाही. बरं वाटतं.

आता ‘चल’ म्हटलं, एक्स-रे वाचायला लावलाय, मधेच वायर उपटा. तुम्ही उपटा, तुमच्या हातानं, नाहीतर पुन्हा माझाच हात दिसायचा. — उपटा म्हणतो ना! — पडला. बघा, निळं व्हायलाही वेळ दिला नाही, उजवीकडच्यानं तसाच धरला. ह्या ओळी म्हणजे पडण्याआधी कोणी कोणाला बोलावलं त्याची साखळी. वरचा सिस्टिमचा आरडाओरडा सोडा, त्याच्या खाली पहिलं नाव कोणाचं? तुमच्या फंक्शनचं, तुम्ही लिहिलेल्या कोडच्या तुकड्याचं. ते लिहिलंत तेव्हा मी शाळेत होतो, तुमच्या मांडीला मांडी लावून बसलो होतो; तुम्ही म्हणालात, ‘वाच मोठ्यानं’, आणि मी वाचलं होतं. कविता वाचावी तसं. मग मोठा झाल्यावर म्हणालात, ‘कॉलेजात काय माती शिकवतात, सोड, माझ्याकडे ये’ — सोडलं. आता कॉलेज दारात उभं करत नाही, आणि तुम्हीही केलं नाहीत.

आणि चूक काय, माहितीये? वायर निघाली की तुमचा ड्रायव्हर मेमरीतली जागा सोडून देतो — काम संपलं, आता नको ही. आणि पुढच्याच दमात त्याच जागेत पुन्हा हात घालतो, जणू ती तिथं वाट बघत बसलीये! साध्या प्रोग्रॅममध्ये खपूनही जातं कधीकधी. कर्नलमध्ये नाही खपत, काका. एकदा सोडलं त्याच्याकडे परत हात न्यायचा नाही — सगळं मशीन बसतं.

कुठल्या ओळीत? ही काय, पडद्यावरच आहे की. चष्मा घरी राहिला? अरेरे. मग आधी बाबांना फोन लावा. आत्ता, माझ्यासमोर, स्पीकरवर. — कशाला म्हणजे? हात त्यांनी जोडले होते ना? — लागला? बोला. — ‘काहीतरी गैरसमज झाला’ नाही, काका. नीट. ‘चूक माझी होती, पोराची नव्हती.’ — मोठ्यानं. — हं. — बाबा, रडताय काय, ठेवा फोन. ठेवा.

छान बोललात. ऐकलं मी. काय? दुरुस्ती? दुरुस्ती देईन असं मी कधी म्हणालो? फोन लावा म्हणालो. तुमचं बोलणं चालू होतं तेवढ्यात डावीकडचं मशीन जुन्या स्नॅपशॉटवर, पडण्याआधी जपून ठेवलेल्या अवस्थेवर, नेऊन ठेवलं मी, उजवीकडच्या ओळीही पुसल्या. बघा कसं स्वच्छ, त्याच्या लेखी काही घडलंच नाही. तुमच्यासारखंच. शोधा आता घरी जाऊन, हजारो ओळी आहेत. धंदा बसेल? बसू दे. बाबांची नोकरी? तीही जाऊ दे, हात जोडायला त्यांना दुसरं कोणीतरी भेटेल. निघा. — असं बघू नका माझ्याकडे. तेव्हा नव्हतं बघितलंत, आता कशाला बघताय? निघा म्हणतोय ना! — यंत्र राहिलं तुमचं. काका? अहो, वायर तरी —

मला हे काम शिकवणारा एकच माणूस होता. तो जिना उतरून गेला.