नातीपासून सुरक्षा

...आणि वर म्हणतो कसा, तुमच्या सुरक्षेसाठी! अहो, कुणापासून सुरक्षा? तीन महिन्यांची नात माझी, अजून मान धड धरत नाही, तोंडात दात नाही, ती काय त्या डब्यातून बाहेर येऊन मला चावणार आहे? तिच्या बारशाचा व्हिडिओ हो, दुसरं काही नाही, मुलानं कॅनडातून पाठवलेला, आणि हा आमचा कॉम्प्युटर उंबऱ्यात पाय पसरून बसला की आत सोडतच नाही... 'डाउनलोड अडवले आहे. तुमच्या सुरक्षेसाठी.'

तुम्हाला सांगतो, मी मुळात बोलणारा माणूस नव्हे. कवठे महांकाळात कुणालाही विचारा, रायगोंडा पाटील म्हणजे चारदा हाक मारल्यावर एकदा हूं म्हणणारा. पण त्या ब्राउझरनं मला बोलतं केलं! ब्राउझर म्हणजे ती खिडकी हो, जिच्यातून म्हणे सगळं जग दिसतं. दिसतं! मी कुठं नाही म्हणतो? दिसतं, पण घेऊ देत नाही. हलवायानं काचेच्या आतली जिलेबी दाखवायची आणि गिऱ्हाईकानं हात पुढं केला की म्हणायचं, नको, तुम्हाला बाधेल!

आता तुम्ही म्हणाल, रायगोंडा, एवढी घाई कसली? फोनवर दिसत नाही का पोर? दिसतं ना! आमचा गोमटेश फोन लावतो तेव्हा पहिली पाच मिनिटं आम्हाला त्याचा कान दिसतो. मग घराचं छत दिसतं. मग पोरीची एक नाकपुडी दिसते, तीही इतकी जवळून की आपली नात आहे का बटाटा आहे, कळू नये... आणि आम्ही जैन, बटाटा खात नाही, त्यामुळं मला तर ओळखही पटत नाही!

खरं दुखणं वेगळंच होतं. आमच्या घरात, गुणमालाच्या पोटात.

गुणमाला म्हणजे आमची मंडळी. नातीसाठी तिनं वाकळ शिवली होती. पावसाळाभर शिवत होती. तिच्या नेसून नेसून मऊ पडलेल्या सुती साड्या, गोमटेशचं लहानपणचं एक झबलं, सगळं आत. टाका असा की मुंगी चालली तर तिला रस्त्यात खड्डा लागू नये. ती वाकळ कॅनडाला जाणाऱ्या एका माणसाबरोबर पाठवली. त्याला बसस्टँडवर दहादा बजावलं, "बॅगेत तळाला घालू नका, चुरगळंल." वाकळ पोचली, तसा फोनही आला, "आई, मस्त आहे." बस. मस्त! मस्त तर भेळही असते.

तेव्हापासून गुणमालाच्या डोक्यात एकच भुंगा. पोरीला वाकळीवर निजवलं का नाही? म्हटलं, अगं, विचार की सुनेला. प्रीती काय खाणार आहे तुला? तर म्हणते, "न्हाई इचारायचं. इचारल्यावर कोणबी व्हय म्हणंल. मला बघायचं हाय."

झालं! आता बघणार कशात? बारशात. बारशाला पोर पाळण्यात घालणार, पाळण्यात काय अंथरलंय ते दिसणार. त्या एका व्हिडिओवर तिचं जेवण अडकलं, झोप अडकली, आणि तिची अडकली म्हणजे माझीही अडकली, कारण अंधारात एकदम विचारायची, "आवं, तिकडं लय थंडी असंल न्हवं?"

गोमटेशनं व्हिडिओ पाठवला. तीन भाग आहेत म्हणाला, फोनवर मावत नाहीत, लॅपटॉपवर उतरवून घ्या, लिंक आठवडाभर जिवंत आहे, मग मरते. पहिला भाग उतरला. आम्ही दोघं चष्मे पुसून बसलो. काय होतं त्यात? बूट! येणाऱ्या पाहुण्यांचे, दारात काढलेले, पाव तास बूट. कुणी शूटिंग केलं देव जाणे! तिकडं बर्फ असतो म्हणून एकेकाचा बूट घागरीएवढा. गुणमाला हात जोडून बूट बघत बसली होती, पुढं पोरगी येईल म्हणून. आणि पाळणा होता दुसऱ्या भागात. दुसरा भाग दाबला... 'डाउनलोड अडवले आहे.' का? तुमच्या सुरक्षेसाठी! म्हणजे अनोळखी लोकांचे बूट आत घेतले, आणि नात धोक्याची!

गोमटेशला कळवलं. त्यानं तीच लिंक परत पाठवली. परत अडवलं. पुन्हा कळवलं, पुन्हा पाठवलं, पुन्हा अडवलं. तिसऱ्यांदा सांगायला गेलो तर म्हणाला, "अण्णा, मी मीटिंगमध्ये आहे, ब्राउझर अपडेट करा, कॅशे क्लिअर करा." ठेवला फोन. आता कॅशे म्हणजे काय, ते शेतात असतं का घरात, काही सांगशील? परत मागायला मला तोंड राहिलं नाही. बापानं मुलाकडं एक गोष्ट किती वेळा मागायची, त्याला काही मर्यादा आहे.

आठवड्याचा शेवटचा दिवस उजाडला. संध्याकाळी लिंक मरणार. मग मी हंबीररावाला बोलावलं.

हंबीरराव आमच्या शेजारचा, मूळचा वडूजकडचा, फौजेतून सुभेदार होऊन आलेला. आला तो लॅपटॉपसमोर सावधानमध्ये उभा राहिला. म्हणाला, "बंद कर." केला. "चालू कर." केला. "फिर बंद कर." अरे बाबा, हा कॉम्प्युटर आहे का जवानांची तुकडी आहे? सकाळभर आमची परेड! बंद, चालू, बंद, चालू, आणि दर वेळी तो उठायचा आणि तेच सांगायचा, तुमच्या सुरक्षेसाठी. शेवटी हंबीरराव खुश झाला! मला म्हणतो, "रायगोंडा, गड्या, मानला ह्येला. ह्येला म्हंत्यात पहाऱ्यावरचा संत्री! कुणाच्या बापाला आत सोडत न्हाई." म्हटलं, हंबीरराव, तू माझ्या बाजूचा का त्याच्या?

एवढ्यात लालासाहेब आले. लालासाहेब म्हणजे आमच्या सोसायटीचे माजी चेअरमन. चेअरमनपद गेलं, पण खिशातला फोन अजून गरम आहे. त्यांनी बसायच्या आधीच विचारलं, "कुणी आडवलीय फाईल?"

म्हटलं, ब्राउझरनं.

"त्येच्या वरचा सायेब कोण?"

आता काय सांगू? आमच्याकडं हे असंच असतं बघा. काहीही अडलं, विजेचं कनेक्शन असो नाहीतर पोराचा दाखला, कागद का अडला हे कुणी विचारतच नाही. कुणाच्या हातात आहे, एवढंच विचारतात. लालासाहेबांनी सांगलीला पुतण्याला फोन लावला. पुतण्यानं साताऱ्याला त्याच्या मेव्हण्याला लावला, कारण मेव्हण्याच्या हापिसात म्हणे कॉम्प्युटरच कॉम्प्युटर आहेत. मेव्हण्यानं पुढं कुणाला लावला ते जिनेंद्राला माहीत! दोन कप चहा झाले आणि उलटा फोन आला. लालासाहेब उठले, माझ्या खांद्यावर हात ठेवला, "काम झालं. फाईल सोडायला सांगितलीया."

मी धावत जाऊन दाबलं. 'डाउनलोड अडवले आहे.'

"वरनं खाली याला येळ लागतो वो," लालासाहेब म्हणाले, आणि गेले. चहा पिऊन गेले! आणि जाता जाता गुणमालाला सांगून गेले, "वहिनी, काळजी करू नका, माझं नाव घातलंय." नाव घातलंय! नातीचं बारसं बाजूलाच, इथं ह्यांचंच बारसं चाललंय!

तुम्हाला सांगतो, गुणमाला सगळा वेळ दारात तांदूळ निवडत बसली होती. तांदळातले खडे काढून परत तांदळातच टाकत होती, ते मी बघितलं. आणि मग मला राहवेना. म्हटलं, चल उठ. लॅपटॉप टॉवेलात गुंडाळला, काखेत मारला, आणि निघालो दोघं स्टँडजवळच्या सेवा केंद्रात. हंबीरराव मागून, बंदोबस्ताला.

ते केंद्र अंकिता चालवते. लय हुशार बाई. तिच्यासमोर उत्पन्नाचे दाखले आणि सातबारे घ्यायला ही रांग! ऊन उतरायला लागलं होतं. आम्हाला दिवस मावळायच्या आत जेवायचं असतं. पण गुणमाला म्हणाली, "आज मला भूक न्हाई," आणि रांगेतल्या लोकांना म्हणाली, "आमचं बाळ अडकलंय हो आत." सगळे घाबरून बाजूला झाले!

अंकितानं लॅपटॉप उघडला. वर पत्त्याच्या पट्टीत कोपऱ्यात एक खूण होती, तिच्यावर तिनं टिचकी मारली, वाचलं, आणि माझ्याकडं बघितलं.

"अज्जा, 'नाही' कुणी दाबलं?"

कसलं नाही?

"पहिली फाईल आल्यावर ह्यानं विचारलं होतं, या साइटवरून आणखी फायली उतरवू का? तुम्ही नाही म्हणालाय. ते धरून बसलाय तो."

आता सांगा, चूक कुणाची? फोनवरून लोकांना फसवायचे प्रकार सुरू झाले, तेव्हा ह्या गोमटेशनंच मला बजावलं होतं, अण्णा, कॉम्प्युटरनं काहीही विचारलं की डोळे मिटून 'नाही' दाबायचं, तुमच्या सुरक्षेसाठी! मी आज्ञाधारक बाप. कॉम्प्युटरनं भाषा विचारली, नाही. वेळ बरोबर आहे का विचारलं, नाही. एकदा त्यानं 'तुम्ही माणूस आहात का' विचारलं होतं, त्यालाही मी नाहीच दाबलं! आणि तोच मुलगा मला म्हणतो कॅशे क्लिअर करा!

अंकितानं 'परवानगी द्या' दाबलं. एवढंच! हंबीररावाची परेड, लालासाहेबांची सांगली-सातारा लाईन, आणि औषध काय, तर एक टिचकी! हिरवी रेघ सरकायला लागली. रांग मोडून सगळे आमच्या मागं जमले. ज्यांना सातबारा हवा होता, त्यांनाही आता पाळणाच बघायचा होता.

आणि दिसला पाळणा. पांढरा, प्लास्टिकचा, बॅटरीवर आपोआप हलणारा, वर टुणटुण वाजणारा. बायका नटूनथटून भोवती उभ्या. आमची पोर आत, मुठी आवळून, डोळे टकटक उघडे. काय दिसत होती! मी सगळं विसरलो. पण गुणमाला पोरीकडं बघत नव्हती. तिनं बोट ठेवलं पोरीच्या खाली. खाली होतं एक पांढरं, केसाळ, दुकानातलं कापड.

वाकळ नव्हती.

हंबीररावानं टोपी काढून हातात घेतली. गुणमालानं पदर नाकाला लावला आणि म्हणाली, "चला, जेवायची येळ झाली."

तेवढ्यात कॅमेरा वळला. आणि भिंतीवर, तुम्हाला सांगतो, समोरच्या भिंतीवर, काचेच्या चौकटीत, वर एक छोटा दिवा लावून... वाकळ! ताणून बसवलेली, फोटोसारखी. आणि आमची सून प्रीती शेजारी उभी राहून पाहुण्यांना सांगतेय, "ही आमच्या आईंनी हातानं शिवलीय. मी हिला कुणाला हात लावू देत नाही." पाहुणे मान वाकडी करून बघतायत, एकेक टाका बघतायत, वाकळीबरोबर फोटो काढतायत.

सेवा केंद्रात टाळ्या पडल्या हो! "आज्जी, काय मान दिलाय सुनंनं!" हंबीररावानं टोपी घातली आणि सॅल्यूट ठोकला. अंकिताच्या डोळ्यांत पाणी. मलाही बरं वाटलं, खोटं कशाला बोलू? पोरीचं मन वाईट नाही. असेल तिकडं तशी रीत.

घराजवळ आल्यावर गुणमाला म्हणाली, "मान दिला. खरं हाय. लय मान दिला." चार पावलं चालली आणि थांबली. "पर बाहेर बरफ पडतोय, पोरगी दुकानातल्या कापडावर, आन् ऊब कुणाला? भिंतीला!"

मी म्हटलं, असेल बाई, भिंतीला वाजत असेल थंडी. तिकडच्या भिंती नाजूक.

हसली नाही. घरात गेली, ट्रंक उघडली, सुईदोरा काढला. म्हणाली, "चुकी माझीच हाय. लय चांगली शिवली. आता दुसरी शिवते. वाकडीतिकडी. ठिगळ लावून, मोठ्ठा टाका घालून. अशी शिवते की भिंतीवर लावायची कुणाला लाजच वाटंल. मग घालत्याल पोरीच्या अंगाखाली."

शिवतेय. रोज शिवतेय. आणि वाईट वाकळ शिवायला कपडाही भिकार लागतो म्हणाली, आणि तिच्या मते या घरात सगळ्यात भिकार कपडे माझे. म्हणून तुम्हाला सांगतो मंडळी, आज मी या वयात गोमटेशची कॉलेजातली पँट घालून तुमच्यासमोर आलोय, तर हसू नका... माझी तिन्ही धोतरं कॅनडाला चाललीत.