फळ्यावरची गणितं

मे २००७. कॅलिफोर्नियातल्या सनीव्हेलच्या डोळ्यांच्या दवाखान्यात माझ्या पुढच्या खुर्च्यांवर नागपूरचे एक निवृत्त मास्तर आणि त्यांची मुलगी बसले होते. मास्तरांच्या डोळ्यांत औषध घातलेलं, म्हणून मुलगी त्यांना पेपर वाचून दाखवत होती.

“स्कॉटलंडमध्ये वेगळं व्हायचं म्हणणारा पक्ष पुढे आलाय, बाबा. फक्त एका सीटने.”

“येणारच. लंडनने त्यांचं केलं तेच मुंबईने आपल्या विदर्भाचं केलं. आता बघ शाळा कशा सुधारतात.”

“ग्लासगोत मी चार वर्षं शिकवलंय. शाळा पहिल्यापासून त्यांच्याच हातात आहेत, लंडनच्या नाही. तरी माझ्या वर्गातल्या बारा वर्षांच्या सहा मुलांना धड वाचता येत नव्हतं.”

“म्हणजे दोष मास्तरांचा?”

“मी माझ्याबद्दल बोलतेय.”

“आम्ही वेगळ्या विदर्भाचे मोर्चे काढले ते पोरांसाठीच ना, वल्लरी?”

“मोर्चाच्या दिवशी तुमचा वर्ग कोण घ्यायचं?”

“फळ्यावर गणितं लिहून जायचो मी. पोरं सोडवायची.”

“आणि तपासायचं कोण?”

“दुसऱ्या दिवशी मीच.”

“दुसऱ्या दिवशी तुम्ही फळा पुसून पुढचा धडा घ्यायचात. तिसऱ्या बाकावर मीच बसायचे, बाबा.”

मग नर्सने नाव पुकारलं. मुलीने हात धरून त्यांना उठवलं.

“तू सोडवायचीस का गं ती गणितं?”

“सगळी.”

“बरोबर यायची?”

“ते मला अजून माहीत नाही.”